चालतंय, पण वढत न्हाई

कोजागिरीच्या आदल्या रात्री साडेनऊला भाज्याहून मामांचा फोन आला. मामांचा फोन पूर्वीच्या तारेसारखा असतो. म्हणजे शब्द मोजके आणि बातमी वाईट.

"भाचे," मामा म्हणाले, "मशीन चालतंय, पण वढत न्हाई."

आणि फोन ठेवला.

मी थोडा वेळ तसाच उभा राहिलो. सौ.नं विचारलं, "काय झालं? कोणाचं काय?"

"चालतंय, पण ओढत नाही," मी म्हटलं.

"हे तुमच्याबद्दल कोण बोललं?" ती म्हणाली.

तिचंही चूक नव्हतं. बँकेतल्या माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांनी जेवढे गोपनीय अहवाल लिहिले असतील, त्या सगळ्यांचं सार या चार शब्दांत येतं. माणूस वेळेवर येतो, सही करतो, बसतो. चालतो. पण ओढत नाही. त्यामुळे मामांच्या मशीनबद्दल मला पहिल्या क्षणापासून आपलेपणा वाटू लागला.

मशीन म्हणजे गवत कापायचं यंत्र. लांब दांडा, एका टोकाला फिरणारं पातं, दुसऱ्या टोकाला त्रेचाळीस सीसीचं इंजिन, आणि मध्ये पट्ट्याला अडकवलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर मीच ते मामांना घेऊन दिलं होतं. मामांचा उजवा खांदा आखडला होता आणि डॉक्टरांनी विळा धरायला बंदी केली होती. मावळात पाऊस कसा पडतो ते तुम्हाला माहीत आहे. आपण पुण्याहून तो बघायला जातो, भाज्याच्या धबधब्याखाली भिजतो, कणीस खातो आणि परत येतो. तोच पाऊस मामांच्या दीड एकर माळावर कमरेएवढं गवत उभं करून जातो. ते दसरा-दिवाळीच्या दरम्यान कापलं, वाळवलं आणि रचलं, तर दोन म्हशी आणि एक गाय उन्हाळ्यात खातात. नाही कापलं तर ते उभ्या उभ्या वाळतं, त्यातला कस जातो आणि पुढे एखाद्या बिडीच्या थोटकाने सगळा माळ पेटतो. मजूर लावावे, तर त्याच दिवसांत गावभर भाताची कापणी. मामांचा मुलगा चाकणला कंपनीत तिन्ही पाळ्या करतो. तेव्हा गवत, खांदा आणि दिवाळी यांच्यामध्ये उभं होतं ते फक्त त्रेचाळीस सीसीचं इंजिन.

आणखी एक गोष्ट होती, ती मामा फोनवर बोलले नाहीत. दर रविवारी माळाच्या कडेला एक पांढरी गाडी थांबते. त्यातून पांढऱ्या बुटांचा एक एजंट उतरतो. त्याच्या हिशोबात तो माळ म्हणजे 'लोहगडाचा व्ह्यू' असलेले सहा बंगले. गवत नाही तर म्हशी नाहीत, म्हशी नाहीत तर माळ कशाला, आणि माळ कशाला म्हटलं की पांढरी गाडी उभीच आहे. हे गणित मांडायला कॉमर्सची पदवी लागत नाही. पण ती माझ्याकडे आहे, म्हणून मला ते जास्त स्पष्ट दिसलं.

आता आमच्या बँकेत कुठलंही खातं उघडायच्या आधी माणसाचा पूर्वेतिहास बघतात. मी तेच केलं. इंजिनाला हात लावण्यापूर्वी त्याचा इतिहास वाचायला घेतला. सौ.चं म्हणणं असं की, हात लावायची भीती वाटते तेव्हा माणूस वाचायला घेतो. असेल. पण पहिल्याच पानावर मला जे सापडलं त्याने माझी छाती फुगली. या प्रकारच्या इंजिनाचा शोध लावला तो एका क्लार्कने!

थट्टा नाही. डुगाल्ड क्लार्क, ग्लासगोचा स्कॉटिश माणूस, जन्म १८५४. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग थेट आमच्या नेमणूकपत्रातलं. त्याआधी १८७६ साली जर्मनीत निकोलाउस ओटो यांनी चार टप्प्यांचं इंजिन चालवून दाखवलं होतं आणि त्याचं पेटंट घेऊन ठेवलं होतं. ओटोंच्या इंजिनाचा कारभार अगदी सरकारी. पहिल्या टप्प्यात दट्ट्या खाली जातो आणि हवा-पेट्रोल आत घेतो. दुसऱ्यात वर येऊन ते दाबतो. तिसऱ्यात ठिणगी पडून भडका होतो आणि दट्ट्या खाली ढकलला जातो. चौथ्यात तो वर येऊन धूर बाहेर काढतो. चार खेपांत काम एकाच खेपेला, बाकी तीन खेपा तयारी आणि आवराआवर. आमच्या शाखेत यायच्या आधी मला हे प्रमाण कमी वाटलं असतं.

क्लार्कसाहेबांनी विचार केला, की हेच काम दोन खेपांत का होऊ नये? नियमाला बाधा न आणता वळसा कसा घालायचा, हे क्लार्कला कोणी शिकवावं लागत नाही. १८७८ पासून खटपट करून १८८१ साली त्यांनी आपल्या दोन टप्प्यांच्या इंजिनाचं पेटंट घेतलं. त्यात ताजा माल आत ढकलायला एक जोडीचा पंप होता. पुढे १९१७ साली ते 'सर' झाले. क्लार्क पदावरून थेट सर! आमच्याकडे त्याला खात्याअंतर्गत परीक्षा द्यावी लागते, आणि ती मी तीनदा दिली आहे.

पण मामांच्या मशीनचा खरा बाप दुसरा. इंग्लंडातल्या बाथ गावचे जोसेफ डे. यांनी १८८९ च्या सुमारास असं डोकं लढवलं, की निराळा पंप हवाच कशाला? दट्ट्याच्या खाली जी बंद पेटी असते, जिच्यात क्रँक फिरतो, तीच पंप म्हणून वापरू. मग त्यांच्याच कारखान्यातल्या फ्रेडरिक कॉक नावाच्या माणसाने १८९२ साली आणखी एक सुधारणा केली. आत येण्याची भोकं उघडायला-मिटायला झडपा नकोत, ते काम दट्ट्याच जाता-येता करील. झालं! झडपा नाहीत, कॅम नाही, निराळा पंप नाही. हलणारे भाग मोजून तीन. दट्ट्या, दांडी आणि क्रँक. आजही गवत कापायचं यंत्र, झाडं कापायची करवत, औषध फवारायचा पाठीवरचा पंप यांच्या पोटात बहुतेक करून हेच असतं.

हे इंजिन कसं चालतं ते मला पुस्तक वाचून कळलं नाही. पगाराच्या दिवशीची आमची शाखा आठवली तेव्हा कळलं. काउंटरच्या एका अंगाला आत यायचं दार, दुसऱ्या अंगाला बाहेर जायचं. बाहेरच्या व्हरांड्यात माणसं दाटलेली. आतल्यांचं काम झालं की आधी बाहेर जायचं दार उघडतं, पाठोपाठ आत यायचं. मग व्हरांड्यातली नवी माणसं आत घुसतात आणि त्यांच्याच रेट्याने जुनी माणसं बाहेर पडतात. कोणी कोणाला 'निघा' म्हणायची गरज नाही. इंजिनात व्हरांडा म्हणजे ती खालची पेटी, नवी माणसं म्हणजे पेट्रोल-हवा, आणि जुनी माणसं म्हणजे धूर. या गर्दीत नव्यांपैकीही काहीजण काम न होताच पलीकडच्या दाराने बाहेर फेकले जातात. तेच ते न जळलेलं पेट्रोल, ज्याचा वास आपण वर्षानुवर्षं रिक्षामागे उभं राहून घेतला.

आणि व्हरांड्यातून पेट्रोल जात असल्यामुळे तिथे वंगणाचं तेल साठवून ठेवता येत नाही. म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. ही तेलाची गोष्ट ध्यानात ठेवा. मी ठेवली नव्हती.

जोसेफ डे यांचं पुढे काय झालं, असं विचाराल तर बँकेचा माणूस म्हणून मला सांगायला वाईट वाटतं. कल्पना सोन्याची होती, पण धंदा बुडाला. १९४६ साली ते वारले तेव्हा जगाला त्यांचा जवळजवळ विसर पडला होता. नेमकं त्याच वर्षी इटलीत पियाजिओ कंपनीने डे यांच्याच तत्त्वावर चालणारी, ९८ सीसीची एक स्कूटर बाजारात आणली. तिचं नाव वेस्पा, म्हणजे गांधीलमाशी. तिचा आराखडा करणारे कोरादीनो दास्कानिओ हे विमानं आणि हेलिकॉप्टरं करणारे इंजिनिअर. त्यांना मोटरसायकलींचा मनापासून कंटाळा होता. म्हणूनच स्कूटर चांगली झाली असावी.

ती गांधीलमाशी पुढे उडत उडत आमच्या मावळाच्या उंबऱ्यापर्यंत आली. आकुर्डीला बजाज कंपनी पियाजिओच्या सहकार्याने स्कूटर करू लागली. १९७१ मध्ये तो करार संपला आणि १९७२ मध्ये 'चेतक' आली. चेतक म्हणजे राणा प्रतापांचा घोडा. घोडा असल्यामुळे तो मिळायला वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. नाव नोंदवताना कडेवर असलेली मुलगी स्कूटर येईपर्यंत शाळेत जाऊ लागे. आणि आल्यावर पहिल्या थंडीत तिला एका अंगावर आडवी करून मगच किक मारायची, हा विधी साऱ्या महाराष्ट्राला कोणी शिकवला देव जाणे.

पण चेतक ही वरिष्ठ श्रेणी. आमच्यासारख्यांच्या घरात त्याच १९७२ साली आली ती लूना. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची, तेव्हाच्या अहमदनगरची, ५० सीसीची. म्हणजे मामांच्या मशीनची थोरली चुलत बहीणच. माझे वडील पाटबंधारे खात्यात कारकून. त्यांची लूना ऐंशीच्या दशकातली. दर मे महिन्यात तिच्यावरून आम्ही तळेगावहून आईच्या माहेरी भाज्याला जायचो. पुढे मी, मध्ये वडील, मागे आई, आणि आईच्या मांडीवर मामींसाठी कुरडयांचा डबा. सपाटीला लूना वाऱ्यासारखी जाई. चढ लागला की आधी आई उतरायची. मग मी. मग वडील पायडल मारायला लागायचे. शेवटी तेही उतरायचे. तिघंही उतरल्यावर मात्र लूना कुठलाही चढ झकास चढत असे.

पेट्रोलपंपावर वडील 'टू-टी' तेल घालून घ्यायचे. पंपावरचा पोऱ्या मापाने तेल घाली. वडील म्हणत, "अजून थोडं." त्यांचं एक तत्त्वज्ञान होतं. पुस्तकात लिहिलंय त्याच्या दुप्पट घालायचं, आणि वर एक आशीर्वादाची धार. "तेलाने कधी कोणाचं वाईट झालं नाही," असं ते म्हणायचे. माणूस आयुष्यभर काटकसरीत जगला. चैन म्हणून त्यांनी एवढी एकच केली.

तर असा साद्यंत इतिहास घेऊन दुसऱ्या शनिवारी मी लोकलने मळवलीला उतरलो. एक्सप्रेस वेवरचा पूल ओलांडून भाज्याच्या वाटेला लागलो. समोर लोहगड, डाव्या हाताला विसापूर, त्याच्या पोटात लेणी. मामा अंगणात मशीनसमोर बसले होते, आजारी जनावराजवळ बसावं तसे. त्यांनी इतिहास विचारला नाही. एवढंच म्हणाले, "बाजारातला मिस्तरी म्हनला पिस्टन गेला. साडेतीन हजार."

मशीन सुरू केलं. दोरी दोनदा ओढल्यावर लागलं. हळू चालत होतं तोवर एकदम शहाण्यासारखं. पण मूठ आवळून वेग मागितला की घुसमटल्यासारखं 'बँऽऽ' करायचं आणि पातं गवतात गेलं की मान टाकायचं. मामांचं निदान अचूक होतं. चालत होतं, ओढत नव्हतं.

मी पुस्तकातल्या क्रमाने तपासणी सुरू केली. दोरी ओढताना हाताला चांगला जोर लागत होता, म्हणजे आत दाब धरला जात होता. ज्याचा पिस्टन साफ गेला ते इंजिन असा विरोध करत नाही. साडेतीन हजारांचं बिल मी तूर्त स्थगित ठेवलं.

मग हवेची गाळणी. स्पंजाचा तुकडा, त्यात गवताचा भुसा गच्च. साबणाच्या पाण्यात धुतला, पिळला, वाळवला, थेंबभर तेल लावून बसवला. फरक नाही.

मग प्लग. तो चांगला असेल तर टोकाला विटकरी-करडा रंग असतो. हा काळाकुट्ट आणि ओला. मामींनी दिलेल्या जुन्या दातघासणीने घासून स्वच्छ केला, टोकांतली फट पाऊण मिलिमीटरच्या आत आणली. सुरू व्हायला सोपं गेलं, पण ओढायला नाही.

मग पेट्रोल. टाकीचं झाकण उघडलं तर वास वार्निशचा. गेल्या हंगामातलं पेट्रोल तसंच राहिलं होतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये शेकडा वीस इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि मावळच्या हवेत जुलै-ऑगस्टमध्ये पाण्याशिवाय दुसरं असतं काय? पाणी फार झालं की ते इथेनॉलला बरोबर घेऊन टाकीच्या तळाशी बसतं. म्हणून हंगाम संपला की टाकी रिकामी करावी आणि आतलं उरलंसुरलं इंजिन चालवून संपवावं. जुनं पेट्रोल काढून निराळं ठेवलं, कामशेतहून ताजं आणलं. आवाज जरा सुधारला. ओढ नाही.

मग टाकीचं झाकण सैल करून पाहिलं. झाकणातलं हवेचं भोक बुजलं तर पेट्रोल खाली उतरत नाही. तसंही नव्हतं. मग चोक अर्धा लावून वेग दिला. ही परीक्षा मला फार आवडली. पेट्रोल कमी पडत असेल तर चोक लावल्यावर मशीन सुधारतं. आमचं आणखी घुसमटलं. म्हणजे त्याला खायला कमी पडत नव्हतं. उलट अजीर्ण होतं.

एव्हाना अंधार पडला. मामींनी पिठलं-भाकरी वाढली. मामा जेवताना काही बोलले नाहीत. हात धुताना एवढंच म्हणाले, "उद्या रविवार." मला पांढरी गाडी दिसली.

रात्री ओसरीवर पडलो. आत जायची वाट बघून झाली होती. ठिणगी बघून झाली, दाब बघून झाला. राहिलं काय? आणि एकदम नाकात वास आला. जळक्या तेलाचा. न्हाणीच्या चुलीतून येत असेल, पण मी गेलो तो थेट १९८८ सालात. तळेगावच्या लोहाराच्या भट्टीवर. वडील वर्षातून एकदा लूनाचा सायलेन्सर सोडून तिथे न्यायचे आणि 'जाळून' आणायचे. आत साठलेलं काजळ जळून जायचं आणि लूना महिनाभर पोरीसारखी धावायची. त्या महिन्यात आई चढावरही उतरत नसे.

डोक्यात प्रकाश पडला. या इंजिनाचं सारं बळ बाहेर जायच्या वाटेवर आहे! आतला धूर पुरा बाहेर पडला नाही तर नव्याला जागा नाही. व्हरांड्यात कितीही गर्दी करा.

आणि हे मी इतिहासात वाचलंही होतं. पूर्व जर्मनीत चोपाऊ नावाचं गाव आहे. नावातच चोप असल्यामुळे माझ्या लक्षात राहिलं. तिथे एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन नावाचे इंजिनिअर पन्नाशीच्या दशकात बाहेर जाणाऱ्या धुराच्या नळीचा अभ्यास करत बसले होते. नळी कुठे रुंद करायची, कुठे निमुळती करायची, हे आवाजाच्या लाटा मोजून त्यांनी ठरवलं. नीट आकाराची नळी धुराला ओढून बाहेर काढते, आणि जे ताजं पेट्रोल चुकून मागोमाग बाहेर पडतं त्याला परत आत ढकलते. १९६१ पर्यंत त्यांनी १२५ सीसीच्या चिमुकल्या इंजिनातून २५ अश्वशक्ती काढली. सारं युरोप तोंडात बोट घालून बघत राहिलं. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांचा पहिल्या प्रतीचा स्वार अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीतून पळाला आणि ती विद्या घेऊन जपानला सुझुकीकडे गेला. १९६२ मध्ये सुझुकीने ५० सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं, स्वार तोच. एका धुराच्या नळीपायी माणसाने देश सोडला, आणि मी इकडे दिवसभर आत जायच्या वाटा धूत बसलो होतो!

सकाळी उजाडताच सायलेन्सरचे दोन बोल्ट सोडले. त्याच्या तोंडाशी ठिणग्या अडवणारी बारीक जाळी असते. होती म्हणे. आता तिथे डांबराची वडी होती. तिच्यातून सुईच्या अग्राएवढा उजेड दिसत होता. सिलिंडरचं बाहेर जायचं भोकही काजळीने निम्मं झालेलं.

जाळी मामींनी चिमट्यात धरून न्हाणीच्या चुलीत लाल होईपर्यंत जाळली. भोकाची काजळी मी काढली. त्यातही एक युक्ती आहे. आधी दोरी हळूहळू ओढून दट्ट्या वर आणायचा, म्हणजे भोक आतून झाकलं जातं आणि खरवड सिलिंडरमध्ये पडत नाही. आणि खरवडायला लोखंड नाही, लाकूड घ्यायचं. मामांनी बांबूची काडी तासून दिली. खांदा आखडलेला, पण हात स्थिर.

जाळी निवेपर्यंत आम्ही बसलो. समोर लेण्यांची मोठी कमान उन्हात आली होती. दोन हजार वर्षांपूर्वीची, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. मी मामांना इतिहास सांगायची संधी साधली. आत लेणी बावीस, चैत्याचे खांब लाकडी घरासारखे आत कललेले, आणि खोदताना वरून सुरुवात करून खाली येत गेले, वगैरे. मामांचं बालपण त्या खांबांमध्ये शेळ्या राखण्यात गेलं. ते म्हणाले, "त्यांनी बांधलं काय न्हाई. नुस्तं काढलं. नको ते काढलं, का झालं." आणि काडी फुंकून मला परत दिली.

मग मी विचारलं, "मामा, एवढं काजळ दोन वर्षांत? तेल किती घालता?"

मामा उठले. आत जाऊन भिंतीवरची एक चिठ्ठी घेऊन आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली. अक्षर माझं. 'एक लिटर पेट्रोलला दोन टोपणं तेल. वर थोडी धार.'

मशीनच्या पुस्तकात लिहिलं होतं, एका लिटरला वीस मिलिलिटर. म्हणजे एक टोपण. म्हणजे शेकडा दोन. माझ्या चिठ्ठीप्रमाणे होत होतं साठच्या घरात. शेकडा सहा. एकाच लिटरमध्ये बचत खात्याचं व्याज आणि सावकाराचं व्याज यांच्यात जो फरक, तो मी करून ठेवला होता. वडिलांचा आशीर्वाद मी जसाच्या तसा मामांच्या इंजिनात ओतला होता.

"तुम्हाला शंका नाही आली?" मी म्हटलं. "पुस्तक होतं की तुमच्याकडे."

"पुस्तक छापलेलं," मामा म्हणाले. "चिठ्ठी तू लिव्हलेली. म्हनलं, बँकेतला मानूस. हिशोब चुकायचा न्हाई."

बावीस वर्षांत माझ्या कुठल्याही गोपनीय अहवालात इतकं चांगलं कोणी लिहिलं नसेल, आणि इतकं लागेल असंही नसेल. दोन वर्षं मामा त्या मशीनशी झुंजले, आखडलेल्या खांद्याने, माझ्या अक्षराची लाज राखायला. मी खिशातलं पेन काढून नवी चिठ्ठी लिहिली. 'एक लिटरला एक टोपण. धार नाही.' मामांनी ती वाचली आणि म्हणाले, "सही कर." केली. तारीख घातली. शिक्का असता तर मारलाही असता.

मशीन जोडलं. नव्या मिश्रणाने टाकी भरली. दोरी ओढली. पहिल्या दोन मिनिटांत पांढऱ्या धुराने अंगण भरलं, मागचा आशीर्वाद बाहेर पडत होता. मग आवाज मोकळा झाला. मामांनी पट्टा डाव्या खांद्यावर घेतला, मूठ आवळली, आणि मशीन असं ओरडलं की गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. कमरेएवढं गवत आडवं पडत चाललं.

मी कडेला उभा राहून बघत होतो. पात्याजागी दोरी लावून गवत उडवायची कल्पना अमेरिकेत ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांना १९७१ मध्ये सुचली. ते मूळचे नाचाच्या शाळा चालवणारे. मोटार धुताना फिरणारे ब्रश पाहिले आणि घरी येऊन लाह्यांच्या रिकाम्या डब्याला मासे धरायची दोरी बांधली. मामांकडे बघताना ते पटलं. डावीकडून उजवीकडे, एक पाऊल पुढे, परत डावीकडे. सत्तरीपुढचा माणूस माळावर नाचत होता.

हा नाच फार दिवस राहणार नाही, हेही मला माहीत आहे. या इंजिनाचा धूर जगाला आता परवडत नाही. कॅलिफोर्नियात २०२४ पासून असल्या छोट्या पेट्रोल इंजिनांच्या नव्या यंत्रांची विक्री थांबवण्याचे नियम आले. आपल्याकडे चेतक २०२० मध्ये विजेवर परत आली, २०२४ मध्ये लूनाही. दोघी आता ना धूर काढतात ना आवाज. चांगलंच आहे. मामांच्या नातवाच्या हातात बॅटरीचं मशीन असेल आणि त्याला कोणी तेलाची चिठ्ठी लिहून देणार नाही.

पण आवाजाचं एक काम अजून शिल्लक होतं.

साडेदहाला पांढरी गाडी आली. पांढरे बूट उतरले, कापलेल्या गवताच्या काठाशी थांबले. एजंटाने हात वर केला. मामांनी मान हलवली आणि कापत राहिले. तो तोंडाशी हात धरून काहीतरी ओरडला. बोटं दाखवली, आधी एका हाताची, मग दोन्ही हातांची. मामांनी पुन्हा मान हलवली. मूठ सोडली नाही. वीसेक मिनिटांनी त्याच्या बुटांवर हिरवा भुसा चांगला बसला तेव्हा तो गाडीत बसून निघून गेला.

टाकी संपली तेव्हा मामा बांधावर येऊन टेकले. मी पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "किती म्हणत होता?"

मामा घटाघट पाणी प्याले. मिशा पुसल्या.

"मशीन वढत हुतं भाचे," ते म्हणाले. "ऐकू कुठं येतंय?"